परदेशातल्या वर्गाशी व्हिडिओ भेट: आधी स्वागतगीत रद्द करा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. शिंदखेडा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवी मिळून २८ मुलं, मोबाईलचंच नेट, इंग्रजी जेमतेम, आणि परदेशातल्या एखाद्या वर्गाशी व्हिडिओवर भेट घडवायची आहे. ‘कार्यक्रमाची रूपरेषा असेल तर पाठवा’ म्हणता. मी चोपडा तालुक्यात सात-आठ वर्षं हा उद्योग केला. रूपरेषा होती माझ्याकडे. आमच्या पहिल्या भेटीचा विचका तिनेच केला, म्हणून ती पाठवत नाही.

तेव्हा ईशस्तवन, स्वागतगीत, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचं गाणं, लेझीम, आभार असं सगळं बसवलं होतं. फेटे भाड्याने आणले. समोर जपानमधला सहावीचा वर्ग. ४० मिनिटांतली ३५ आम्हीच खाल्ली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एक गाणं म्हटलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, संपलं. दुसऱ्या दिवशी पोरांना विचारलं, त्यांच्याबद्दल काय कळलं रे? सगळे गप्प. एक मुलगी म्हणाली, “सर, त्या सगळ्यांचे बूट सारखेच पांढरे होते.” सबंध भेटीतून हाताला लागलेली गोष्ट एवढी एकच, आणि ‘असं का?’ हे विचारायला आम्ही तिला जागाच ठेवली नव्हती. पुढच्या वेळी तिनेच विचारलं. ते बूट फक्त शाळेच्या आत घालायचे, बाहेरचे दाराशी काढून ठेवायचे. वर्ग झाडायचा-पुसायचा तोही मुलांनीच. त्यावर आमच्याकडून लगेच आवाज आला, “आम्ही पण झाडतो!” मग झाडू दाखवायची चढाओढ लागली. खरी भेट तिथून सुरू झाली.

तेव्हापासून माझा नियम एकच. मुलांनी प्रश्न विचारायचे, आणि तेही रोजच्या गोष्टींचे. डबा, दप्तर, म्हशी, पाऊस, शाळेत यायची वाट. सण दाखवायचा तर कानबाई कोण ते सांगण्याआधी तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू कोण दळतं, ते रोट कुणी कुणी खायचे, हे सांगू द्या. घरातलं असल्यामुळे मूल अडखळत का होईना, पण स्वतःचं बोलतं.

एक प्रसंग सांगतो. जपानी मुलांनी केळी दुकानातच पाहिलेली. त्यांच्याकडे येणारी बहुतेक केळी फिलिपिन्सची. त्यांनी विचारलं, केळीचं झाड किती वर्षं जगतं? आमच्या वर्गात एक पोरगा होता, बाप कटाईच्या टोळीत, वर्गात तोंड म्हणून उघडायचा नाही. तो उठला, फळ्यावर बुंधा, घड, घडाच्या फण्या आणि बुंध्याशी फुटलेलं पील काढलं. एका बुंध्याला घड एकदाच, मग तो कापायचा आणि पील वाढवायचं, हे त्याने अर्धं अहिराणीत, अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं. मी इंग्रजीत सांगत होतो, तिकडच्या बाई जपानीत. मग वर्गातल्या हुशार मंडळींना राहवेना. केळी मृग नक्षत्राच्या सुमाराला लावली ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली ती कांदेबाग, हे त्यांनी परस्पर भाषांतर करून टाकलं: “ऑनियन गार्डन!” पलीकडे शांतता. पुढच्या पत्रात त्यांनी काढलेलं चित्र आलं, कांद्याच्या वाफ्यात उभी केळीची झाडं. ते वर्गात दोन वर्षं लावलेलं होतं.

इंग्रजीची काळजी करताय, ती उलट करा. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही असाच देश शोधा, म्हणजे दोन्हीकडची मुलं सारखीच चाचपडतात. “तुनं नाव काय शे?” एवढं त्यांना शिकवा, त्यांचं एक वाक्य तुम्ही घ्या. अहिराणी बोलल्याबद्दल आजवर दटावलं गेलेलं पोर कॅमेऱ्यासमोर अहिराणीचा मास्तर होतं, ते बघण्यासारखं असतं.

आता वेळ. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. आपली शाळा साडेदहाला भरते तेव्हा तिकडे दुपारचे दोन, म्हणजे पहिलाच तास धरायचा. युरोपशी दुपारी जमतं, पण तिथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं सरकवतात. इटलीतल्या एका वर्गाशी आम्ही दिवाळीआधी साडेबाराची वेळ ठरवली. सुट्टीनंतर साडेबाराला मुलं बसली, पलीकडे कोणी नाही. त्यांचे सकाळचे नऊ आता आपल्या दीडला वाजत होते. तासभर बसलो, खिचडी गार झाली, चूक माझी. अमेरिकेशी थेट भेटीच्या भानगडीत पडू नका, तिकडे तेव्हा रात्र असते. दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ पाठवा. सुट्ट्या बघता दिवाळीनंतर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि पुढे जानेवारी-फेब्रुवारी, एवढाच काळ दोन्हीकडे मोकळा सापडतो.

सामानात कॅमेऱ्यापेक्षा आवाजाकडे बघा. चित्र अडकलं तर मुलं हसतात, आवाज गेला की उठून जातात. एका खोलीत दोन फोन जोडले की शिट्टी वाजते, एकच जोडा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, खाली सतरंज्या टाका. खिडकी मुलांच्या पाठीशी नको, चेहरे काळे दिसतात. फोनपुढे खडूने चौकोन आखा, बोलणाऱ्याने तिथेच उभं राहायचं. तासाला जीबीभर डेटा धरा, आणि तुमच्या गावाच्या वीजवाहिनीचं (फीडरचं) भारनियमन आधी विचारून घ्या. झूमचं फुकटातलं खातं ४० मिनिटांनी बंद पडतं, ते बरंच आहे.

जोडीदार वर्गासाठी आयअर्न (iEARN) ही देशोदेशीच्या शाळा एकमेकींशी जोडणारी, १९८८ पासून चालत आलेली जुनी संस्था आहे. जुन्या लेखांत स्काईपचा सल्ला दिसेल, पण ते मे २०२५ मध्ये बंद झालं. त्यावरचा देश ओळखायचा खेळ मात्र कुठेही खेळता येतो: दोन्ही वर्गांनी आपला देश लपवायचा आणि फक्त हो-नाही उत्तरं द्यायची. “तुमच्याकडे बर्फ असतो का?” यावर आमच्यात भांडण झालं, देश म्हणून हो, चोपड्यात नाही, आणि मागून एक जण, “गोळेवाल्याकडे असतो ना!”

परवानगीच्या अर्जात परितेवाडीच्या डिसले गुरुजींचा दाखला द्या. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला मिळालं म्हटल्यावर साहेबांना नाही म्हणणं जड जातं. पालकांची संमती लेखी घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे. मुलांची आडनावं सांगायची नाहीत, रेकॉर्डिंग गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. सरपंच मागतील. तरी नाही.

पहिली भेट व्हायच्या आधी महिनाभर पत्रं, चित्रं पाठवा. मूळ टपालाने, फोटो मेलवर. आणि आदल्या दिवशी पलीकडच्या शिक्षकांशी दोघंच दहा मिनिटं बोलून घ्या. मुलांनी काढलेले पहिले २८ प्रश्न इथेच टाका, बघून सांगतो. ‘तुमचा राष्ट्रीय पक्षी कोणता’ असला एकही असेल तर परत पाठवीन.