आजारी आईमुळे एक रात्रही घराबाहेर काढता येत नाही, पण फिरण्याची ओढ स्वस्थ बसू देत नाही. घराच्या आसपास राहून ती कशी भागवावी?

लोकांचे डोंगरदऱ्यांचे फोटो बघून पोटात कालवतं, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. हे कालवणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. माझ्या सासूबाई पक्षाघातानंतर कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून आहेत आणि नवऱ्याची नोकरी फिरतीची. म्हणजे घरात ज्याला फिरायचा कंटाळा तो फिरतो आणि जिला फिरायचंय ती दर दोन तासांनी कूस बदलून देते.

म्हणून आधीच सांगते, व्हर्च्युअल टूर आणि ड्रोनचे व्हिडिओ यांच्या नादी लागू नका. रस्त्यांचे फोटो दाखवणारं गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २००७ मध्ये आलं, आणि मीही त्यावर परक्या गल्ल्यांतून रात्र रात्र हिंडले आहे. त्याने भूक खवळते, भागत नाही. तिथे वाट चुकत नाही आणि कुणी हटकून ‘कोण पाहिजे?’ असंही विचारत नाही.

मला विचाराल तर खरी ओढ असते पुढच्या वळणामागे काय आहे ते ठाऊक नसण्याची. ते घरापासून पंधरा मिनिटांवरही मिळतं. फक्त नुसतं ‘जरा पाय मोकळे करून येते’ म्हणून निघू नका. एखादी लांबलचक गोष्ट धरा आणि ती नेईल तिकडे जा. रेल्वेचा बंद पडलेला फाटा, विजेच्या मोठ्या मनोऱ्यांची रांग, जुनी पाण्याची लाइन, काहीही चालेल. मी ओढा धरला.

आमच्या मागच्या रस्त्याखालून तो जातो. सगळे त्याला गटारच समजतात, कारण आमच्यापर्यंत येईतो त्याची दशा तशीच झालेली असते. हा येतो कुठून, एवढाच माझा प्रश्न होता. दुपारी सासूबाईंना झोप लागली की शेजारच्या काकू येऊन बसायच्या. दोन-अडीच तास हातात, त्यातला अर्धा परतीचा. वेळ संपेल तिथली खूण लक्षात ठेवायची, पुढच्या खेपेला सरळ रस्त्याने तिथे पोचायचं आणि तिथून पुढे चालायचं. घरी आले की सासूबाई डोळ्यांनीच विचारायच्या, ‘कुठवर?’ मी हाताने दाखवायचे, एवढं.

एका मैदानाच्या कडेला ओढा गायबच झाला. मोरीच्या तोंडातून पाणी बाहेर पडत होतं आणि वरच्या अंगाला नुसता डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. तिथे मी बऱ्याच खेपा अडकले. मग परिसराचा जुना सर्वेक्षणाचा नकाशा मिळवला. त्यावर समान उंचीच्या रेषा असतात. त्या रेषा जिथे एकामागून एक टोकदार होऊन चढाच्या दिशेने आत शिरतात, तिथून पाणी खाली येतं. वर कितीही घरं बांधा, मोठा उतार सहसा तसाच राहतो. टोकांवरून बोट फिरवलं तर ते थेट एका वसाहतीच्या मधून गेलं.

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, त्या वसाहतीच्या रस्त्यावरच्या लोखंडी झाकणांशी मी एकेक करून वाकून ऐकत गेले. सांडपाणी वाहतं ते थांबत थांबत, कुणी नळ सोडला की जोरात आणि मग गप्प. ओढा थांबत नाही. ज्या झाकणाखालून एकसारखी खळखळ येईल ते आपलं. एक गृहस्थ बराच वेळ बघत होते. जवळ येऊन म्हणाले, “काही पडलं का तुमचं?” मी म्हटलं, “ओढा हरवलाय.” मला वाटलं आता हे हसणार किंवा कुणालातरी फोन करणार. ते चष्मा सावरत पुढच्या झाकणाशी जाऊन वाकले आणि ओरडले, “इथे आहे, इथे!”

शेवट झाला एका इमारतीच्या फाटकाशी. तळघरात पार्किंग, आणि तिथून आलेला एक पाइप रस्त्याकडेला पाणी ओतत होता. त्या उन्हाळ्यात, आणि स्वच्छ पाणी. वॉचमन वैतागलेलाच होता. “बिल्डिंग झाली तेव्हापासून येतंय मॅडम, पंप बंद करायची सोय नाही. सोसायटीने लिकेज शोधायला माणसं आणली, टाक्या तपासल्या, काय सापडत नाही.” मला हसू आवरेना. लिकेज कसलं, झरा होता तो! ओढ्याच्या उगमावरच इमारत उभी केली होती आणि आता बिचारे वर्षानुवर्षं उगम उपसत बसले होते. तो मला आत घेऊन गेला. मागच्या भिंतीच्या बुडाशी, काँक्रीटच्या सांध्यातून, बोटभर रुंदीच्या हिरव्या शेवाळावरून पाणी पाझरत होतं. हात लावला, गारेगार.

१८५८ मध्ये स्पीक हा इंग्रज शोधक आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोचला आणि नाईलचा उगम इथेच म्हणाला, तेव्हा त्याच्याशी पुढे कित्येक वर्षं लोक भांडत होते. माझ्याशी भांडायला एकटा वॉचमन होता. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, लिकेज आहे.

त्या रात्री इंटरनेटवरच्या ओपनस्ट्रीटमॅपवर ओढा काढला. हा नकाशा २००४ पासून लोकच मिळून करतात, कुणालाही त्यात भर घालता येते. तिथे आमचा ओढा मैदानाशी तुटलेला होता. प्रवाहाची रेघ नेहमी पाणी वाहतं त्या दिशेने काढायची असा तिथला दंडक आहे आणि मी तर उलटी चढत गेलेली. म्हणून तळघरापासून सुरुवात करून एकेक झाकण आठवत खाली घरापर्यंत आले. जमिनीखालचा भाग तुटक रेषेत दिसतो. आता जगात कुणीही तो नकाशा उघडला की माझी तुटक रेघ त्यावर आहे.

याचा मला अभिमान आहे आणि म्हणूनच पुढचं झोंबलं. घरातले सगळे जमले असताना मी हे सांगितलं. माझ्या दिराच्या दिवाणखान्यात जगाचा नकाशा आहे, जाऊन आलेल्या देशांवर टाचण्या. तो म्हणाला, “वहिनी, म्हणजे तुम्ही गटाराचा उगम शोधलात!” सगळे हसले. मग माझी समजूत काढायला म्हणाला, “प्रवास मनात असतो हो. तो जर्मन तत्त्वज्ञ कान्ट बघा, आयुष्यात गावाबाहेर गेला नाही.”

हे उदाहरण तुम्हालाही कुणीतरी ऐकवेलच, म्हणून त्याचा निकाल इथेच लावते. कान्ट आपलं गाव क्योनिग्सबर्ग आणि भोवतालचा मुलूख सोडून कधी लांब गेला नाही, खरं आहे. तरी १७५६ पासून चाळीस वर्षं त्याने भूगोल शिकवला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं वर्णन त्याने असं केलं की समोरच्या इंग्रजाला वाटलं हा तिथे राहून आलेला स्थापत्यकार असावा, असं सांगतात. पण न पाहिलेल्या खंडांतल्या माणसांबद्दल, त्यांच्या अकलेबद्दल, हाच कान्ट वाचीव माहितीवर वाटेल ते बेधडक सांगायचा. खुर्चीत बसून जग पाहिल्याचं हेही फळ आहे. आणि त्याला पहाटे पाचला उठवायला लाम्पे नावाचा नोकर होता, ते कुणी सांगत नाही.

दुसरं लाडकं उदाहरण झाव्हिए द मेस्त्र या लष्करी अधिकाऱ्याचं. द्वंद्वयुद्ध केलं म्हणून १७९० मध्ये इटलीतल्या तुरीनला त्याला ४२ दिवस खोलीत कोंडलं, तर त्याने पलंग ते खुर्ची अशा सफरीवर पुस्तक लिहिलं. गमतीचं आहे, मला आवडतं. पण त्याच्याही दिमतीला नोकर होता. आणि त्रेचाळिसाव्या दिवशी दार उघडणार होतं. माझ्या सासूबाईंच्या खोलीला असा आकडा नाही, तुमच्या आईच्याही नसावा.

त्यातल्या त्यात माझा माणूस म्हणजे अठराव्या शतकातला इंग्रज निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट. त्याला घोडागाडीत मळमळायचं, म्हणून लांबचे प्रवास नकोसे. राहिला सेलबर्न या आपल्या खेड्यात, आणि तिथेच कान देऊन ऐकत बसला. लोक ज्याला एकच पक्षी समजत होते त्यात तीन वेगवेगळ्या जाती आहेत, हे त्याने आवाजावरून ओळखलं. हे खरं जवळचं फिरणं. पण व्हाइटच्याही घरी राबायला माणसं होती.

तिघांच्याही मागे कुणीतरी घर बघत होतं. म्हणून ‘जवळ कुठे फिरू’ हे विचारण्याआधी ‘तोवर आईजवळ कोण बसेल’ हे विचारा, आणि ते अनोळखी लोकांना विचारू नका, घरच्यांना विचारा. जे फिरतात त्यांनाच विचारा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला तारीख सांगा, वेळ सांगा. मेहरबानी म्हणून मागू नका, वाटणी म्हणून मागा. मी दिराला म्हटलं, महिन्यातून एक रविवार आईजवळ बस. तर म्हणाला, “मला ते डायपर वगैरे नाही जमत हो वहिनी.” चार विमानं बदलून परक्या देशात पोचायला जमतं आणि जन्मदात्या आईची कूस बदलायला जमत नाही? बाजूला उभी राहून शिकवलं. आता येतो, कधी बुडवतो, पण येतो. जाऊबाईंना हे अजूनही आवडलेलं नाही आणि त्या हे वाचणार, तर वाचू देत.

याचा अर्थ लांब जाऊच नये असा घेऊ नका. ज्याला समुद्र पाहायचाय त्याला ओढा दाखवून गप्प करता येत नाही, आणि मलाही एकदा वाळवंट बघायचंच आहे. सोय झाली तर खुशाल जा, अपराधी वाटून घेऊ नका. आणि दारापलीकडे पाऊलच टाकता येत नसेल तर माझा ओढा तुमच्या कामाचा नाही, हेही मान्य. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दिसण्याच्या वेळा मात्र जरूर बघा. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी, न लुकलुकता सरकत जाणारा ठळक ठिपका असतो. सुमारे ४०० किलोमीटर वर, नव्वदेक मिनिटांत पृथ्वीला एक फेरी. सासूबाईंची खाट खिडकीशी ओढून घेतली की आम्हा दोघींना दिसतं.

ओढ्यामागे जाणारच असाल तर कुठे जाताय ते घरी सांगून जा, दुसऱ्याच्या आवारात विचारल्याशिवाय शिरू नका, आणि मोरीच्या आत कधीही नाही. पावसाळ्यात तर तिच्या तोंडाशीही उभं राहू नका, वरच्या अंगाला पाऊस झालेला खाली कळत नाही आणि पाणी एकदम वाढतं.