आलेखाचे टोक म्हणजे गावाची जन्मतारीख नव्हे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांत एकच घोळ वारंवार दिसतो. कोळशाच्या कार्बन चाचणीवरून संगणकाने काढलेला कालमापनाचा आलेख हाती आला की त्यातील सर्वांत उंच टोक गावाची जन्मतारीख ठरते. म्हणून काही प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : घरात तांब्याची शिवराई आहे. कार्बन चाचणी करून वयाचे प्रमाणपत्र देतो, असे एक जण म्हणतो. करून घ्यावी का? (वाई)

उत्तर : कार्बन चाचणी लाकूड, धान्य, हाड अशा एके काळी सजीव असलेल्या वस्तूंचे वय सांगते; तांब्याचे वय तिने कळत नाही, त्यामुळे पैसे देऊ नयेत. शिवराई शिवकाळानंतरही दीर्घकाळ पाडली जात होती. नाणे नाणकशास्त्राच्या जाणकारास दाखवावे.

प्रश्न : कोळशाच्या अहवालात 2450 ± 30 असा आकडा (इ.स. 1950 च्या आधीची वर्षे) आहे. त्यातून 1950 वजा केल्यास इ.स.पू. 500 हे साल येते. ते बरोबर आहे ना? (कराड)

उत्तर : नाही. हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते, म्हणून प्रयोगशाळेचा आकडा झाडांच्या वर्षवलयांसारख्या पुराव्यांवर आधारलेल्या वक्राशी ताडून पाहावा लागतो. इ.स.पू. 800 ते 400 या काळात तो वक्र जवळजवळ सपाट आहे. परिणामी तुमच्या आकड्याचे उत्तर एक साल नसून साधारण इ.स.पू. 750 ते 410 एवढा ऐसपैस पट्टा येते. ± 30 ही केवळ मोजणीतील अनिश्चितता आहे.

प्रश्न : उसाच्या शेताशेजारच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) विहीर खणताना मिळालेल्या कोळशाच्या नऊ तारखांची ऑक्सकॅल या कालमापनाच्या संगणक प्रणालीत बेरीज केली, म्हणजे प्रत्येक तारखेच्या शक्यतांचे आलेख एकावर एक रचले. आलेखात दोन शिखरे आणि मध्ये दरी दिसते. मधल्या काळात गाव ओस पडले होते, असे ग्रामेतिहासाच्या पुस्तिकेत छापावे का? (तासगाव)

उत्तर : कृपया छापू नये. वक्र जिथे तीव्र उताराचा असतो तिथे तारखा एकवटून शिखर उभे राहते आणि जिथे तो सपाट असतो तिथे त्या पसरून बुटका उंचवटा दिसतो. त्या चढउतारात माणसांचा हात नसतोच. त्यातून एकाच चुलीतील कोळशाचे तीन नमुने दिले असतील, तर ती एक चूल तीनदा मोजली जाते. कोळसा सागाच्या तुळईच्या गाभ्याचा असेल, तर तारीख घर जळाल्याची नव्हे, तर त्या वलयाच्या वाढीची मिळते आणि दोहोंत शंभर-दोनशे वर्षांचे अंतर सहज पडते. म्हणूनच एका हंगामात पिकलेला जळका कुळीथ हा जाड तुळईपेक्षा भरवशाचा साक्षीदार असतो. शंका असल्यास सोपी परीक्षा घ्यावी : वस्ती सलग होती असे गृहीत धरून संगणकाकडून नऊ काल्पनिक तारखा तयार करून घ्याव्यात आणि त्यांची बेरीज रेखाटावी. हे दहा वेळा करावे. न घडलेल्या ओसाडीच्या दऱ्या त्या आलेखांतही दिसू लागतील, आणि मग तुमच्या दरीचे मोल कळेल. पुस्तिकेच्या छपाईची घाई मी समजू शकतो, पण एकदा छापलेली ओसाडी पुढे पन्नास वर्षे जत्रेच्या फलकावर राहते. प्रत्येक नमुना कोणत्या थरातून निघाला याची नोंद असल्यास थरांचा क्रम संगणकाला सांगून प्रतिमान, म्हणजे तो क्रम आणि तारखा यांची एकत्रित मांडणी, तयार करता येते. नोंद नसल्यास आधी पुरातत्त्वज्ञास विहिरीची उभी कड दाखवावी.

प्रश्न : प्रतिमानातील एका तारखेचा सहमती निर्देशांक (ती तारीख प्रतिमानाशी किती जुळते हे सांगणारा आकडा) 60 या प्रचलित मर्यादेच्या खाली गेला आहे. ती वगळू का? (सातारा, विद्यार्थिनी)

उत्तर : आलेख देखणा व्हावा एवढ्यासाठी वगळू नये. तो नमुना घुशीच्या बिळातून किंवा नंतर खणलेल्या खड्ड्यातून आला होता का, हे उत्खननाच्या वहीत पाहावे, मार्गदर्शकांशी बोलावे आणि वगळल्यास कारणासह तसे लिहावे.

प्रश्न : कोळशाचे तुकडे गेल्या वर्षापासून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. दिवाळीनंतर पाठवले तर चालेल का? (मिरज)

उत्तर : दिवाळीची वाट कशासाठी? कागद आणि कापूस हे स्वतःच कार्बन आहेत, त्यांचे तंतू कोळशाला चिकटतात. तुकडे आजच चिमट्याने ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवून पुडीवर जागा, खोली आणि दिनांक लिहावा, आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेकडे धाडण्यापूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा. वर्तमानपत्रही टाकू नये. त्यावरील दिनांकावरून निदान कोळसा केव्हा गुंडाळला एवढे तरी कळेल.