कॅसँड्रा क्लस्टर मंदावला तर आधी कोणती मेट्रिक्स गोळा करावीत?

तुमच्या कॅसँड्रा डेटाबेसच्या सहाही नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) ‘यूएन’ (अप/नॉर्मल, म्हणजे चालू) दिसताहेत, तरी संध्याकाळी रीड (डेटा वाचण्याच्या विनंत्या) रखडतात, असं तुम्ही लिहिलंय. ‘नोडटूल स्टेटस’ (नोडची स्थिती दाखवणारी कमांड) फक्त नोड जिवंत आहे एवढंच सांगतं, तिची तब्येत नाही.

कळकळीची विनंती: माहिती गोळा केल्याशिवाय नोड रीस्टार्ट करू नका. ‘नोडटूल’च्या ‘टीपीस्टॅट्स’ कमांडमधले पूर्ण झालेल्या आणि ड्रॉप झालेल्या (वेळेत न झाल्याने सोडून दिलेल्या) कामांचे आकडे नोड सुरू झाल्यापासूनचे असतात, रीस्टार्ट केलं की पुरावाच पुसला जातो.

त्रास चालू असतानाच, सगळ्या नोडवर एकाच वेळी, ‘नोडटूल टीपीस्टॅट्स’ घ्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. एकट्या आकड्याला अर्थ नाही, दोन्हींतला फरक बघायचा. पेंडिंग (रांगेत अडकलेले) रीड वाढत असतील किंवा ड्रॉप झालेले मेसेज एकाच नोडवर वाढत असतील, तर चोर तिथेच आहे. मग त्या नोडवर ‘कॉम्पॅक्शनस्टॅट्स’ (डेटा फाइल एकत्र करण्याचं किती काम बाकी आहे ते) आणि संशयित टेबलाचं ‘टेबलहिस्टोग्राम्स’ बघा. एका रीडला किती एसएसटेबल (डिस्कवरच्या डेटा फाइल) उघडावी लागतात आणि पार्टिशन (एकाच कीखाली एकत्र साठवलेल्या ओळी) किती मोठं झालंय, हे त्यात कळतं. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा दोष अवाढव्य पार्टिशनचाच निघतो.

‘जीसीस्टॅट्स’ (मेमरी साफ करताना नोड किती वेळ थांबते ते दाखवणारी कमांड) मात्र जपून वापरा: प्रत्येक वेळी चालवलं की त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे दोघांनी चालवलं तर दोघांनाही अर्धवट आकडे मिळतील.

सोबत सिस्टिम लॉग आणि ‘आयोस्टॅट’ (डिस्कवरचा ताण दाखवणारी कमांड) घ्या. सर्व्हरची घड्याळं जुळलेली आहेत ना, तेही तपासा. नाहीतर लॉगचा क्रमच लागत नाही.