स्टिरिओ कॅमेऱ्यात (डाव्या-उजव्या डोळ्यासाठी दोन फोटो काढून खोली दाखवणाऱ्या) दोन लेन्स असतात, मग आरसे कशाला? आणि फोटो उलटा का नाही येत?

तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंची खिचडी केलीये, पण ती सगळेच करतात, मीही केली होती.

खरा दोन लेन्सवाला कॅमेरा, माझ्याकडे जुना स्टिरिओ रिअलिस्ट आहे (अमेरिकेत मिलवॉकीला १९४७ पासून बनायचा), त्यात फोटोच्या वाटेत आरसा नाहीच. दोन लेन्स ७० मिमी अंतरावर, म्हणजे आपल्या डोळ्यांपेक्षा जराशा लांब, आणि फिल्म एकच. आरसे आहेत ते व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून दृश्य बघायच्या खिडकीत, मधली तिसरी छोटी लेन्स बघते आणि ते दृश्य आरशांनी खाली उतरवलंय, म्हणून डोळा कॅमेऱ्याच्या तळाशी लावायचा आणि कॅमेरा कपाळाला टेकवायचा. बडोद्याच्या दांडिया बाजारात असा उभा राहिलो की लोक थांबून बघतात.

दुसरी वस्तू म्हणजे साध्या एका लेन्सच्या कॅमेऱ्याच्या (एसएलआरच्या) लेन्सपुढे लावायचा डबा, त्यात चार आरसे. बाहेरचे दोन एकमेकांपासून लांब असतात आणि डावं-उजवं दृश्य पकडतात, आतले दोन ते लेन्सकडे वळवतात, आणि एकाच फ्रेमचे दोन उभे अर्धे भाग होतात, १८ बाय २४ मिमीचे. प्रत्येक बाजूला आरसे दोन, त्यामुळे पहिल्याने डावं-उजवं उलटं केलेलं दुसरा सुलटं करतो, म्हणून अक्षरं नीट वाचता येतात.

गंमत अशी की घोळ आरशांच्या डब्यात नाही, दोन लेन्सवाल्यात होतो. तिथे प्रत्येक लेन्स आपापलं चित्र जागच्या जागी उलटं, डोकं खाली असं करते, मग तुम्ही फिल्मची पट्टी सुलटी धरलीत की डावा फोटो उजवीकडे जातो, म्हणजे कापून अदलाबदल करावीच लागते. डब्यात लेन्स एकच, ती अख्खी फ्रेम फिरवते, तिथे ही भानगड नाही. मला हे माहीत नव्हतं. सूरसागर तलावाच्या (मधोमध महादेवाची मूर्ती आहे) कठड्यापासून दोनेक मीटर मागे उभं राहून फोटो काढले, स्लाइड अदलाबदल न करता तशाच चौकटीत बसवल्या, आणि दोन्ही डोळ्यांनी बघायच्या व्ह्यूअरमध्ये बघतो तर महादेवाची मूर्ती पुढे आणि कठडा तिच्या मागे! डोकं दुखलं नुसतं.

डबा जुना घेत असाल तर आरसा बघून घ्या, काच पुढे आणि कलई मागे असा घरातल्यासारखा आरसा कोणी बदलून बसवला असेल तर फोटोत पुसट दुसरी प्रतिमा येते. कागदाचा कोपरा हलकेच टेकवा, कोपरा आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसली, म्हणजे कलई मागे आहे, तर घेऊ नका. नख लावू नका, चरे पडतात.