वाचकांचे प्रश्न : सरळ शिंगांची नावनिशी

सरळ, शंकूसारखं कवच असलेल्या सेफॅलोपॉडांच्या, म्हणजे माकूल आणि नॉटिलस यांच्या प्राचीन नातलगांच्या जीवाश्मांबद्दल आलेली ही काही पत्रं.

प्रश्न : कच्छहून आणलेला बोटाएवढा टोकदार दगड माझ्याकडे आहे. हा ऑर्थोसेरास आहे का? – एक वाचक, ठाणे

तुटलेलं टोक ओलं करून भिंगाखाली बघा. आतून भरीव असेल आणि मध्यापासून कडेकडे सायकलच्या आऱ्यांसारखे कॅल्साइटचे तंतू दिसत असतील, तर तो बेलेम्नाइट, म्हणजे माकूलच्या एका जुन्या नातलगाच्या शरीरातला भरीव दांडा. कच्छच्या जुरासिक खडकांत ते मुबलक आहेत. ऑर्थोसेराससारख्यांत आडवे पडदे आणि ते भेदत जाणारी नळी दिसायलाच हवी. पडदा कवचाला भिडतो ती रेघ साधी, सरळ असेल तर नॉटिलॉइड, म्हणजे नॉटिलसच्या गोतातला. कातरलेल्या पानासारखी वेडीवाकडी असेल तर बॅक्युलाइट्स, म्हणजे सरळ वाढलेला अमोनाइट. पुदुच्चेरीजवळच्या क्रिटेशस खडकांतून त्याची नोंद एकोणिसाव्या शतकापासून आहे.

प्रश्न : स्पितीच्या पिन खोऱ्यातल्या ऑर्डोव्हिशियन चुनखडकात मला आठ तुकडे मिळाले. कवचाचा कोन ७ अंश येतो. जवळच्या प्रजातीचा साडेपाच-सहा आहे. एवढ्यावर नवी प्रजाती करता येईल? – संशोधक विद्यार्थिनी, पुणे

नाही. आधी हा कोन कुठे मोजला ते सांगा. खडकाच्या झिजलेल्या पृष्ठावर मोजला असेल, तर तो छेद शंकूच्या अक्षातून गेलाय याची खात्री काय? समजा, खरा व्यास एका जागी १४ मिमी आणि तिथून ६० मिमी पुढे २० मिमी आहे. फरकाचा अर्धा ३, भागिले ६०. त्याचा कोन काढून दुप्पट केला की ५.७ अंश. आता तोच शंकू अक्षापासून ५ मिमी बाजूला कापा. रुंदी दिसेल ९.८ आणि १७.३ मिमी, आणि कोन येईल ७.२ अंश. म्हणजे तुमची ‘नवी प्रजाती’ कदाचित छेदाच्या चुकीतूनच जन्मली आहे.

कप्प्यांच्या मोजणीतही हाच घोळ होतो. व्यासाएवढ्या लांबीत किती कप्पे बसतात हे मोजायची पद्धत आहे. ५ मिमी उंचीचे कप्पे २० मिमी व्यासात चार बसतात. बाजूच्या छेदात साडेतीनच भरतात. शिवाय पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे शेवटचे काही पडदे दाटीवाटीने येतात, ते सरासरीत धरू नका.

मग खडकाने केलेली दाबादाबी तपासा. आडवा छेद लंबगोल असेल आणि त्याचा लांब अक्ष प्रत्येक नमुन्यात थराला समांतर असेल, तर तो लंबगोल प्राण्याचा नसून गाळाच्या ओझ्याचा समजावा. आतली नळीही चपटी असेल तर शंकाच नको.

खरा निकाल लागतो तो या नळीत, सायफंकलमध्ये. ती मध्यात आहे की कडेला? व्यासाच्या किती टक्के जाड आहे? पडद्याची मान, म्हणजे नळीभोवती वळलेली त्याची कड, आखूड, सरळ आहे की बाहेर वळलेली? दोन मानांमधला भाग नळकांड्यासारखा की मण्यांसारखा फुगलेला? नळीत आणि कप्प्यांत प्राण्याने स्वतः साचवलेला चुना आहे का, आणि कोणत्या बाजूला जास्त? हा साठा टोकाकडे दाट असतो. तुमच्या तुकड्यात फक्त रुंद भाग उरला असेल, तर ‘साठा नाही’ असं लिहिता येत नाही; ‘टोक मिळालेलं नाही’ एवढंच लिहा.

तुलना मूळ वर्णनांशी आणि शक्य तितक्या मूळ नमुन्यांशी करा. मध्य हिमालयासाठी जीवाश्मतज्ज्ञ रीड यांचं १९१२चं काम आधी उघडा. जुन्या ग्रंथांत सरळ दिसेल ते ‘ऑर्थोसेरास’ या खात्यात टाकलेलं आहे. ऑर्थोसेरास रेग्युलारे या प्रजातीच्या राहत्या कप्प्यावर, म्हणजे प्राणी जिथे राहायचा त्या शेवटच्या कप्प्यावर, तीन उभ्या खोलगट खुणा असतात. त्या नसतील तर नुसत्या नावावर विसंबू नका.

प्रश्न : होलोटाइप कापायचा का? – तीच विद्यार्थिनी

होलोटाइप म्हणजे प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो एकच नमुना; पॅराटाइप म्हणजे त्याच्या सोबतीचे बाकीचे. आठांपैकी पडदे, नळी आणि राहत्या कप्प्याचा काही भाग असलेला नमुना होलोटाइप ठेवा आणि पॅराटाइप कापा. कापण्याआधी चारही बाजूंनी फोटो, मापं आणि सिलिकॉनचा साचा घ्या. करवत थेट मध्यावर चालवू नका. पात्याची जाडी आणि घासाई धरून दोनेक मिलिमीटर अलीकडे कापा आणि काचेवर सिलिकॉन कार्बाइडच्या घासपुडीने २२०, ४००, ६००, १००० नंबर असं घासत नळीच्या मध्यापर्यंत या. नळी एका बाजूला असेल तर छेद तिच्या आणि कवचाच्या, दोन्हींच्या मध्यातून जायला हवा. नाहीतर मानेचा आकार खोटा दिसतो. सीटी स्कॅनवर भिस्त नको. कॅल्साइटमध्ये कॅल्साइट भरलेलं असलं की बहुतेकदा सगळं करडंच दिसतं.

बाहेरची नक्षी टिपताना नमुना काळ्या शाईने रंगवून त्यावर अमोनियम क्लोराइडचा पातळ पांढरा थर द्या आणि प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून घ्या. कापलेले सगळे तुकडे आणि काचपट्ट्या त्या त्या नमुन्याच्या क्रमांकाखालीच ठेवा. आणि हो, उताराखाली पडलेला सुटा धोंडा होलोटाइपसाठी नको. थर माहीत नसेल तर वयही माहीत नाही.

प्रश्न : प्रदर्शनातून घेतलेल्या मोरोक्कोच्या पॉलिश केलेल्या फरशीत मोठा नमुना आहे. तो चालेल? – एक संग्राहक, मुंबई

दिवाणखान्यात खुशाल. वर्णनासाठी नाही. नेमकं ठिकाण आणि थर हरवलेला असतो, तुकडे चिकटवलेले असू शकतात, आणि पॉलिशचा छेद कुठून गेलाय हे फक्त कारागिराला ठाऊक.

प्रश्न : नाव स्पितीवरून द्यायचं आहे. ‘स्पिटिएन्सिस’ बरोबर आहे का? – एक प्राध्यापक, नाशिक

जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द, कोणतं त्यावर आहे. ‘-सेरास’ ग्रीक ‘केरास’वरून आलं, म्हणजे शिंग, मराठीतल्या शिंगासारखंच ते नपुंसकलिंगी. म्हणून ‘स्पिटिएन्से’. बॅक्युलाइट्स पुल्लिंगी, तिथे ‘-एन्सिस’ चालतं. त्या जीनसमध्ये हे नाव आधी वापरलेलं नाही ना, तेही बघा. प्राणिनाम संहितेनुसार लेखात ‘नवी प्रजाती’ असं स्पष्ट लिहावं लागतं, वेगळेपण सांगणारी लक्षणं द्यावी लागतात, होलोटाइप आणि तो कोणत्या संग्रहात, कोणत्या गावी ठेवला ते नोंदवावं लागतं. लेख फक्त ऑनलाइन येणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आधी करून तिचा उल्लेख लेखातच हवा. तोवर परिषदेच्या गोषवाऱ्यात नाव फोडू नका. ‘प्रजाती अ’ एवढंच लिहा.