वायरमन परमिट आहे, नंदेसरीच्या केमिकल प्लांटमध्ये झोन एरियात (जिथे पेट घेणारा गॅस किंवा वाफ हवेत असू शकते) काम करता येईल का?
नाही, नुसत्या परमिटवर झोन १-२ मधलं फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर पसरू न देणारं) पॅनल उघडू नका. परमिट साध्या वायरिंगपुरतं ठीक, तिथे स्फोटक वातावरणातल्या उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचा, म्हणजे आयईसी ६००७९ चा भाग १४ इन्स्टॉलेशनला आणि भाग १७ इन्स्पेक्शन-मेंटेनन्सला धरतात आणि ते वेगळं शिकावंच लागतं, कारण एक बोल्ट राहिला किंवा साधी ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली फिटिंग) लावली की बॉक्स नावालाच फ्लेमप्रूफ (हे रोज बघतो, बडोद्यात मेंटेनन्सलाच आहे). गॅस-व्हेपरसाठी कॉम्पेक्सचे (अशा एरियात काम करणाऱ्यांसाठीचं सर्टिफिकेशन) ईएक्स०१ ते ०४ हे मॉड्यूल करा, प्रॅक्टिकल परीक्षा असते, सर्टिफिकेट ५ वर्षं चालतं. फक्त एक, आपल्याकडे कायदा कॉम्पेक्सचं नाव घेऊन मागत नाही, मागते ती कंपनी, गल्फला जायचं असेल तर जास्तच, म्हणून फी भरायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरला विचारा.