तोंड उघडत नाही, म्हणून पंगत टाळता?

दीर्घ आजार असलेली माणसे सोलापुरातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात येतात, तेव्हा औषधांपेक्षा एक तक्रार अधिक वेळा ऐकू येते: ‘चारचौघांत जेवायची लाज वाटते.’ ओळख पुसून एका विडी कामगार ताईंची हकिकत सांगते.

त्यांना स्क्लेरोडर्मा होता. या आजारात प्रतिकारशक्ती बिथरते, शरीराला आधार देणाऱ्या संयोजी ऊतींत कोलॅजेन हे चिवट प्रथिन प्रमाणाबाहेर साठते आणि त्वचा ताठर होते. आधी थंड पाण्यात बोटे पांढरीफटक पडू लागली. पुढे ओठ पातळ झाले, तोंडाभोवती उभ्या रेषा उमटल्या आणि तोंड आक्रसले. एरवी उभी तीन बोटे मावतात, तिथे त्यांची जेमतेम दोन. ‘मावा खात असणार,’ असे शेजारणींनी ठरवूनही टाकले. सुपारीने तोंड आखडते हे खरे. पण ते दुखणे आतल्या अस्तराचे, हे निराळे.

‘घरी कशा जेवता?’ मी विचारले.

‘सगळे निजल्यावर. कडक भाकरी आमटीत कुस्करते, लहान चमच्याने खाते.’

‘म्हणजे जेवता येते.’

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘येते, मॅडम. पण कुणाला दिसायला नको.’

पुढच्या भेटींत मी या उत्तरापासून हलले नाही. लोक हसतील, हा अंदाज त्यांनी एकदाही पडताळला नव्हता. भावनेमागचा विचार हुडकून तो पडताळायला लावावा, ही माझी जुनी रीत, आणि ती मला क्वचितच दगा देते. पुतणीच्या डोहाळजेवणात त्या चमचा घेऊन बसल्या. एकीने विचारले, त्यांनी दोन वाक्यांत आजार सांगितला, आणि बोलणे जिलेबीवर गेले.

याच लाजेपायी त्यांनी दंतवैद्यही टाळला होता, आणि मला ते अधिक गंभीर वाटते. या आजारात लाळ कमी झाल्यास दात लवकर किडतात, घशाशी येणाऱ्या आम्लाने झिजतात. काहींच्या एक्स-रेत दातांच्या मुळांभोवतीची फट रुंदावलेली, क्वचित जबड्याच्या कोनाचे हाडही झिजलेले दिसते. म्हणून दंतवैद्याला आजाराचे नाव आधीच सांगावे आणि तोंड आणखी आक्रसण्यापूर्वी कामे उरकावीत, कारण पुढे साधी कवळी बसवणेही जिकिरीचे होते. लहान मुलांचा ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट वापरावी. तोंड ताणण्याचे व्यायाम तज्ज्ञांकडून शिकून रोज करावेत. ते सोडले, तर मोकळे झालेले तोंड पुन्हा आखडू लागते.